सकाळची एक, संध्याकाळची एक

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाला 'टेशन' आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण आमचं जे झालं तेच या मार्गावरच्या कितीतरी गावांचं झालं आहे आणि वाचणाऱ्याला आपल्या गावाचं नाव इथे घालून वाचता यावं. फलाट आहे, पाटी आहे, लिंबाच्या झाडाखाली दगडी बाक आहे, तिकिटाची खिडकी असलेली एक खोली आहे. २०२०च्या मार्चमध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे थांबणारी पाशिंजरही बंद झाली. पुढे गाड्या सुरू झाल्या, आमचा थांबा मात्र सुरू झाला नाही. गावानं अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, पुन्हा अर्ज केला. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: या ठिकाणची तिकीटविक्री पाहता थांबा देणं व्यवहार्य नाही.

हे उत्तर ज्यानं लिहिलं त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोर एक तक्ता असणार, त्यात आमच्या गावापुढे एक लहानसा आकडा असणार, आणि नियम त्याला तो आकडा बघायला सांगत असणार. माझं भांडण त्या नियमाशी आहे. लहान शेतकरी गावाच्या थांब्याची किंमत त्याच थांब्यावर विकल्या गेलेल्या तिकिटांवरून काढायची, ही रीतच चुकीची आहे. अशा प्रत्येक थांब्याला सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी मिळायलाच हवी आणि ती तिकीटविक्रीच्या अटीतून कायमची बाहेर काढायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगायचं तर रूळ पडले तिथून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे रेल्वे आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. या नावातल्या 'गॅरंटीड' शब्दाकडे आपण फारसं लक्ष देत नाही. भांडवल लंडनच्या बाजारातून आलेलं. ते गुंतवणाऱ्यांना ठरावीक परतावा मिळेलच, गाडीला उतारू मिळोत न मिळोत, अशी हमी निजाम सरकारच्या खजिन्यानं दिलेली होती, म्हणून हे नाव. आणि त्या खजिन्यात येणाऱ्या पैशात मोठा वाटा शेतसाऱ्याचा. म्हणजे जोंधळ्याच्या आणि कापसाच्या रानावर आपल्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्याच्या जोरावर दूरच्या गुंतवणूकदारांची जोखीम उचलली गेली. आज आम्हाला 'व्यवहार्य' हा शब्द ऐकवला जातो तेव्हा मला ही हमी आठवते. रेल्वेला पहिली वीट बसवतानाच हमीचा आधार लागला होता. पैसा लावणाऱ्याला ती मिळाली. जमीन देणाऱ्या, सारा भरणाऱ्या गावाला तशी कुठलीच हमी कधी कुणी लिहून दिली नाही.

याच कंपनीनं पुढे हैदराबाद-गोदावरी व्हॅली नावाचा मार्ग बांधला. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, तेव्हाचं औरंगाबाद असं करत तो मनमाडला मुंबईच्या मोठ्या मार्गाला मिळतो. १८९९ ते १९०१ या काळात तो टप्प्याटप्प्यानं सुरू झाला, मीटर गेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर. नेमकी हीच वर्षं मोठ्या दुष्काळाची. पण मार्ग आखला गेला तो मुख्यतः काळ्या जमिनीतल्या कापसासाठी. जालना, सेलू, परभणी, नांदेड या ठिकाणी जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली, स्टेशनजवळ मोंढे, म्हणजे शेतमालाचे बाजार, भरायला लागले, सरकी काढलेल्या रुईच्या गाठी मालधक्क्यावरून मुंबईकडे जायला लागल्या. आजही मराठवाड्यातल्या जुन्या बाजारगावात मोंढा कुठे आहे असं विचारलं तर बऱ्याचदा माणूस स्टेशनच्याच दिशेनं हात करतो.

आता या मोठ्या बाजारगावांच्या मधे आमच्यासारखी लहान स्टेशनं का आली? आम्हाला जावं-यावं लागतं म्हणून आली नाहीत. रूळ एकेरी होता. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर थोड्याथोड्या अंतरावर बाजूची लाइन हवी, तिथे पुढची लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून टोकन देणारा-घेणारा मास्तर हवा. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, त्यासाठी विहीर हवी, टाकी हवी. ही सगळी गाडीची गरज होती आणि त्या गरजेच्या हिशेबात जे शिवार सापडलं तिथे स्टेशन पडलं. मोठी गावंसुद्धा कित्येकदा बाजूलाच राहिली. 'रोड' लावलेली नावं त्याची खूण आहेत: मानवत रोड, औसा रोड, कळंब रोड. वैजापूरच्या माणसाला गाडीसाठी रोटेगावला जावं लागतं. म्हणजे रुळानं गाव शोधलं नाही, गावांनाच रुळाकडे सरकावं लागलं.

आणि गावं सरकली. आमच्या गावचा आठवडी बाजार पूर्वी ओढ्याकाठी भरायचा, तो टेशनच्या रस्त्यावर आला. दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी, एक हॉटेल, पुढे शाळेची दुसरी इमारत, सगळं त्याच रस्त्याला. आजूबाजूच्या सहा-सात वस्त्या-वाड्यांतली माणसं बैलगाडीनं आमच्या गावापर्यंत येऊन पुढे गाडी धरायची. एखाद्या गावानं आपलं घर-अंगण कशाच्या तरी भरवशावर बांधावं, तसं या गावानं गाडीच्या भरवशावर आपलं सगळं बांधलं. नंतर वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. नव्वदीच्या दशकात रुंदीकरण झालं, सिग्नल बदलले, परभणी-मुदखेड पट्ट्यात दुहेरी रूळ पडले, वरून विजेच्या तारा आल्या. गाडीला आता आमच्या विहिरीची गरज नाही, टोकनची नाही, वाट देण्यासाठी थांबण्याचीही गरज कमीच. तिची गरज संपली त्या दिवशी आम्ही हिशेबातून गेलो. आमची गरज मात्र या सव्वाशे वर्षांत वाढत गेलेली आहे, आणि तिची नोंद ठेवायला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

ती गरज कसली, हे सांगताना मला आधी माझी आजी आठवते. तिला घड्याळ कळत नव्हतं. सकाळची पाशिंजर शिट्टी देत आली की चुलीवर दुसरं पातेलं चढायचं आणि संध्याकाळची गेली की गुरं दावणीला आली की नाही याची चौकशी व्हायची. तिचं माहेर याच मार्गावर चार स्टेशनं पलीकडे. वर्षातून दोनदा, पंचमीला आणि दिवाळीला, ती एकटी गाडीत बसून जायची. त्या काळी घरातली बाई एकटी दुसरीकडे कुठेच जात नसे. गाडीत मात्र जाऊ द्यायचे, कारण डब्यात ओळखीचं कुणी ना कुणी असायचंच आणि उतरायच्या ठिकाणी भाऊ येऊन उभा असायचा. मी मोठा झाल्यावर मला उमगलं की आजीला स्वतःच्या पायानं जाता येणारी ही एकच वाट होती.

माझ्या पिढीत ती वाट कॉलेजची झाली. परभणीला १९७२मध्ये कृषी विद्यापीठ झालं, त्याच्या आसपास इतर कॉलेजं वाढली. आमच्या गावातली पोरं खोली करून राहण्याच्या ऐपतीची नव्हती. सकाळी पाशिंजरनं जायचं, दुपारची भाकरी डब्यात, संध्याकाळी परत येऊन रानात पाणी द्यायचं. महिन्याचा पास इतका स्वस्त असायचा की पास आहे म्हणून शिकतोय असं म्हणणारे मित्र मला आठवतात. माझ्या गल्लीतल्या पहिल्या दोन मुली बारावीच्या पुढे गेल्या त्या याच पासावर. त्यांच्या घरच्यांना गाडीची वेळ माहीत होती, डबा कुठला ते माहीत होतं, सोबत कोण आहे ते माहीत होतं. २०२० नंतर त्याच गल्लीतल्या एका मुलीचं नाव कॉलेजात आहे आणि ती आठवड्यातून दोन दिवस जाते. उरलेले दिवस नेणारं कुणी नसतं. तिचे वडील म्हणतात, मोटारसायकलवर रोज पंधरा किलोमीटर सोडायला-आणायला गेलो तर रानात कोण जाईल? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिकीटविक्रीच्या तक्त्यात ही मुलगी दोन पासांच्या किमतीइतकी दिसेल, किंवा दिसणारच नाही.

माळवं विकणाऱ्या बायांचंही सांगायला हवं. मेथी, कोथिंबीर, वांगी, शेंगा पाटीत भरून पहाटे टेशनवर यायच्या, गाडीच्या दाराशी पाट्या रचायच्या, परभणीला उतरून मोंढ्याच्या अंगाला बसून दुपारपर्यंत विकून परत. बसमध्ये पाटी घेऊन चढणं अवघड असतं, जागा नसते, वाद होतात. जीपवाला पाटीचे वेगळे पैसे घेतो आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही, तोवर कोथिंबीर सुकते. यांच्यातल्या बहुतेकींनी आता शहरात जाणं सोडलं. माल गावात येणाऱ्या टेम्पोवाल्याला देतात, भाव तो ठरवतो. थांबा गेल्याचा तोटा कुठे जाऊन पडतो, हे मला या बायांकडे पाहून कळलं. तो रेल्वेच्या खात्यात कधीच दिसणार नाही, कारण तो कोथिंबिरीच्या जुडीच्या भावात दिसतो.

आता तिकिटांच्या आकड्याकडे येऊ. हा आकडा कसा तयार होतो ते पाहिलं की त्याच्यावरचा विश्वास उडतो. थांबा होता तेव्हा आमच्या गावचा माणूस सकाळी परभणीला जाताना तिकीट आमच्या खिडकीवर काढायचा. परतीचं तिकीट बहुतेक जण संध्याकाळी परभणीला काढायचे. म्हणजे प्रत्येक फेरीतलं एक तिकीट परभणीच्या नावावर चढायचं. तोच माणूस परभणीला उतरून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईला गेला, तर ते शेकडो रुपयांचं आरक्षणही परभणीचं उत्पन्न. आमच्या थांब्यावरून निघालेल्या प्रवासाचा आमच्या नावावर राहायचा तो पहिला दहा रुपयांचा तुकडा. नदीला पाणी कुठून येतं हे न बघता ओढ्याच्या तोंडाशी वाटी धरून पाणी मोजावं, तसला हा हिशेब आहे.

त्यातही हा आकडा कधीचा? लहान थांब्यावर तिकीट विकणारा माणूस बहुधा रेल्वेचा नोकर नसतो. गावातलाच कुणीतरी कमिशनवर तिकिटं विकतो. गाड्या बंद झाल्या तसं त्याचं कमिशन थांबलं आणि तो दुसऱ्या कामाला लागला. २०२० नंतर ज्या पाशिंजर गाड्या परत आल्या त्या एक्स्प्रेसच्या नावानं आणि एक्स्प्रेसच्या भाड्यानं आल्या. डबे तेच, वेग जवळपास तोच, पण दहा रुपयांच्या जागी किमान तीस रुपये. हे तिप्पट भाडं २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२०मध्ये थांबली. म्हणजे गाडी कमी, थांबे कमी, भाडं तिप्पट, म्हाताऱ्यांची सवलत बंद, तिकीट विकणारा गेलेला. अशी चार वर्षं गेल्यावर खिडकीवर बघायचं आणि म्हणायचं, इथे उतारू नाहीत. उतारू असतील कसे? ते ज्या कारणानं गेले ते कारण दूर न करता त्यांच्या जाण्याचा पुरावा त्यांच्याच विरुद्ध वापरला जातो आहे.

कधीकधी प्रायोगिक थांबा दिला जातो, सहा महिन्यांसाठी. लोकप्रतिनिधी हिरवा झेंडा दाखवतात, पेढे वाटले जातात. पण सहा महिन्यांत माणूस आपली सवय बदलत नसतो. ज्या बाईनं टेम्पोवाल्याशी वर्षाचा व्यवहार ठरवला, ज्या बापानं मुलीचं कॉलेज सोडवलं, ज्यानं कर्ज काढून मोटारसायकल घेतली, ती माणसं सहा महिन्यांच्या भरवशावर परत येत नाहीत. थांबा टिकणार असेल तरच लोक त्याच्याभोवती आपला दिवस पुन्हा बांधतील, आणि लोकांनी दिवस बांधला तरच थांबा टिकेल. यात आधी पाऊल कुणी टाकायचं, हे मला तरी स्पष्ट दिसतं. ज्याच्या हातात गाडी आहे त्यानं.

याच मराठवाड्यात एक वेगळी रेल्वे होऊन गेली, तिच्याकडे पाहिलं तर मला धीर येतो. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फूट रुंदीची ही नॅरो गेज लाइन काढली. १८९७मध्ये ती बार्शीपर्यंत आली, मग पंढरपूरकडे गेली, तडवळ्यापर्यंत आली आणि १९११मध्ये लातूरला पोचली. पुढे १९२७मध्ये मिरजेला जोडली गेली. एका यार्डाला, म्हणजे तीन फूट लांबीला, तीस पौंड वजनाचे हलके रूळ आणि वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलेलं, अशी तिची रचना. मुलूख जेवढा, गाडी तेवढी, हा त्यामागचा विचार. लोक तिच्या संथपणाच्या गोष्टी सांगतात, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की लहान गावासाठी लहान गाडी असू शकते असं कुणीतरी मानलं आणि ते नीट अभ्यास करून करून दाखवलं. लातूरचा मोंढा पुढे एवढा मोठा झाला त्यात या छोट्या गाडीचा हात मोठा आहे. आणि १९४१च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, खुद्द बाबासाहेब आंबेडकर आले, निजामाच्या हद्दीतल्या एका खेड्यात. अशी परिषद अशा खेड्यात भरवायचं धाडस करताना गावाजवळून रूळ जातो ही गोष्ट आयोजकांच्या मनात नसेल, असं मला वाटत नाही. दूरदूरच्या गावांतल्या दलित माणसाला कुणाच्या दारात गाडी-बैल मागायला न जाता, पैसे टाकून, डब्यात बसून जाता येणं ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती याचा विचार करावा.

आणि याच लाइनवर २०१६चा एप्रिल. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं, रस्त्यावर टँकरभोवती हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. तो रूळ म्हणजे मुळात बार्शी लाइटचाच मार्ग, मधे रुंदीकरण होऊन मोठा झालेला. जुन्या काळात कुणी या छोट्या लाइनच्या तिकिटांचा हिशेब घालून ती उखडून टाकली असती, तर २०१६मध्ये लातूरकरांनी काय केलं असतं? दुष्काळी मुलखात रेल्वेची किंमत चांगल्या वर्षाच्या आकड्यांवरून ठरत नाही. ती वाईट वर्षात कळते, आणि मराठवाड्यात वाईट वर्ष येणारच, हे इथे जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शेतमालाचंही तेच. नगरसोल हे स्टेशन नाशिक जिल्ह्यात, पण याच मनमाड-नांदेड मार्गावरचं. २०२१मध्ये तिथून किसान रेल्वे, म्हणजे शेतमाल नेणारी खास गाडी, सुटायला लागली आणि येवल्या-वैजापूरकडचा कांदा थेट आसामपर्यंत गेला. एका खेड्याच्या स्टेशनला मालधक्का होता, लाइन होती, म्हणून हे जमलं. भाड्यातली सवलत होती तोवर गाड्यांना माल कमी पडला नाही. आमच्या पट्ट्यात वसमतची हळद आहे, अर्धापूरची केळी आहेत, जालन्याची मोसंबी आहे. आमच्या स्टेशनावरचा मालधक्का मात्र मोडून त्यावर बाभळी वाढल्या आहेत. मी काही प्रत्येक थांब्यावर किसान रेल्वे मागत नाही. पण एकदा जागा मोडली की ती परत उभी करायला दहापट पैसा आणि वीस वर्षांची मागणी लागते, एवढं तरी मोडण्याआधी बघावं.

विरोधातली बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. मुंबईला जाणाऱ्या माणसाला गाडी वेगानं जायला हवी आहे. मराठवाड्यानं वेगासाठी फार वाट पाहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला तेव्हा कुठे मनमाडच्या पलीकडे गाडी न बदलता जाता यायला लागलं. जालन्याहून २०२३च्या अखेरीस मुंबईची वंदे भारत सुरू झाली, २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत आली, याचा मला आनंदच आहे. बीड जिल्ह्यानं तर १९९५मध्ये मंजूर झालेल्या मार्गाची तीस वर्षं वाट पाहिली आणि २०२५च्या १७ सप्टेंबरला बीडहून पहिली गाडी सुटली. त्या दिवशी बीडच्या स्टेशनवर डोळे पुसणारी माणसं होती. अशा वेळी एखादी एक्स्प्रेस आमच्या लिंबाखाली थांबवा, असं म्हणणं मला शोभणार नाही आणि मी ते म्हणतही नाही. लांबच्या गाडीला दर आठ किलोमीटरवर थांबवलं तर ती लांबची गाडी राहणार नाही.

मी मागतो आहे ती वेगळी गाडी. विजेच्या तारा आल्या आहेत. त्यांच्यावर धावणारी, वेगळं इंजिन न लागणारी, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली, पटकन वेग घेणारी आणि पटकन थांबणारी मेमू गाडी हेच काम करण्यासाठी बनवलेली असते. एका थांब्यामागे तिचा फार वेळ जात नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेल अशी एक आणि संध्याकाळी पाच-सहाला तिथून सुटेल अशी एक. आठ डब्यांची. जिथे दुहेरी रूळ झाले आहेत तिथे तर हिला वाट देण्याची अडचणही उरत नाही. बाकी दिवसभर रूळ एक्स्प्रेसना आणि मालगाड्यांना मोकळे. धर्माबादहून मनमाडला जाणारी मराठवाडा एक्स्प्रेस लोकांनी 'हायकोर्ट एक्स्प्रेस' म्हणून आपली केली, कारण ती औरंगाबाद खंडपीठाच्या वेळा पाळायची. गाडीची वेळ माणसांच्या कामाच्या वेळेला जुळली की ती भरते, हे सिद्ध करायला आणखी कुठला अभ्यास नको.

यावर मला सांगितलं जातं की गावाला एसटी आहे ना. आहे. महिलांना २०२३पासून निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आहे, या दोन्ही निर्णयांनी खेड्यातल्या बायका आणि म्हातारी माणसं घराबाहेर पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आमच्याकडे बस दिवसातून दोनदा येते आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तीही येत नाही. आणि रेल्वे-एसटीचा हा सवाल मुळात एकमेकांविरुद्ध मांडायचं कारणच नाही. १९३२च्या जूनमध्ये हैदराबाद संस्थानात पहिली सरकारी बस सुरू झाली ती निजामाच्या रेल्वेनंच सुरू केली होती, २७ गाड्या घेऊन, रेल्वेचाच एक विभाग म्हणून. गाडी आणि बस एकाच खात्याच्या. रूळ जिथे संपतो तिथून पुढे बसनं न्यायचं, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी या मुलखात होऊन गेला आहे. आज स्टेशनवर गाडी येते त्याच्या दहा मिनिटं आधी बस निघून गेलेली असते आणि दोन्ही खात्यांची वेळापत्रकं एका टेबलावर कधी येत नाहीत. जिल्हा पातळीवर वर्षातून दोनदा ही दोन वेळापत्रकं समोरासमोर ठेवली, तरी निम्मा प्रश्न सुटेल. त्याला पैसा लागत नाही.

पण समोरासमोर बसायचं कुणी? मराठवाड्याचा रूळ वेगवेगळ्या हातांत आहे. नांदेड विभाग २००३मध्ये झाला, तो सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत. लातूर-धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. परळी-उदगीरकडचा भाग सिकंदराबाद विभागात. एकाच एसटी डेपोच्या हद्दीतल्या दोन गावांचे अर्ज दोन वेगळ्या शहरांत जाऊन पडतात. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा ही मागणी जुनी आहे आणि ती योग्य आहे, पण ती पूर्ण होईपर्यंत लहान थांब्यांनी वाट का बघावी? राज्य सरकार रेल्वे प्रकल्पांच्या खर्चात निम्मा वाटा उचलतं, अहिल्यानगर-बीड-परळीला तसा उचललाच. तर नवीन रुळाला जसा वाटा, तसा जुन्या थांब्यावरच्या सकाळ-संध्याकाळच्या गाडीच्या तुटीलाही एक छोटा वाटा राज्यानं उचलावा आणि त्या बदल्यात थांबा तिकीटविक्रीच्या आढाव्यातून मोकळा करून घ्यावा. एसटीच्या सवलतीचे पैसे राज्य भरतंच. तोच न्याय रुळावर.

गेल्या महिन्यात आम्ही गावात एक काम केलं. फाटकाजवळच्या हॉटेलात एक दोनशे पानी वही ठेवली. जो कुणी परभणी, सेलू, जालना किंवा त्याच्याही पुढे जाईल त्यानं तारीख, कशासाठी चाललो, कशानं चाललो आणि किती पैसे पडले, एवढं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं हॉटेलवाल्याचा मुलगा लिहितो. दवाखाना, तहसील, बँक, कॉलेज, खत, लेकीकडे, कोर्टात, उरुसाला, असं काय काय त्यात आहे. एका म्हातारीनं कारणाच्या रकान्यात लिहून घेतलं आहे: 'भावाला बघायला, जायचं होतं, जमलं नाही.' न झालेल्या प्रवासाची नोंद घ्यायची की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. मग ती ओळ तशीच ठेवली आणि खाली तशाच ओळींसाठी दोन पानं सोडली. वही या महिन्याच्या अखेरीस नव्या अर्जाला जोडून पाठवणार आहोत.